एबीसीडी पाठ, पण वाचन नाही

जिल्हा परिषद शाळांत नव्याने इंग्रजी शिकवू लागलेल्यांची पत्रं येतात. गावं बदलतात, शंका त्याच.

प्रश्न: इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं तर चालेल का?

चालेल. शब्दाचा अर्थ एकदा सांगा नि पुढे चला. रोजच्या सूचना मात्र इंग्रजीतच द्या.

प्रश्न: दुसरीच्या मुलांना एबीसीडी तोंडपाठ आहे, तरी 'कॅट' वाचता येत नाही.

कसं येईल? त्यांना अक्षरांची नावं पाठ आहेत, आवाज नाहीत. 'सी-ए-टी' कितीही भरभर म्हटलं तरी 'कॅट' होत नाही. आवाज शिकवायला घेतले की आपली मुळाक्षरं आडवी येतात. मराठी व्यंजनात 'अ' मिसळलेला, म्हणून बाई 'क, ॲ, ट' म्हणतात. मुलं इमानदारीत जोडतात आणि 'कअॅटअ' असं काहीतरी निघतं. पाय मोडून म्हणा: क्, ॲ, ट्. ए-बी-सीचा क्रमही सोडा. आधी एस, ए, टी, पी, आय, एन घ्या; एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन वाचता येतात. एस आणि एनचा आवाज लांबवता येतो, म्हणून पहिली जोडणी त्यांच्यापासून. टी-पी लांबवायला गेलात की 'अ' घुसलाच! जोडून झालं की तेच शब्द पाटीवर ऐकून लिहायला लावा. हे गाळलं तर मुलं चित्र बघून ठोकून देतात आणि आपल्याला वाटतं, वाचतायत. 'सेड', 'वॉज' असले, अक्षरांच्या आवाजांशी न जुळणारे आडमुठे शब्द तेवढे नजरेने ओळखू द्या.

प्रश्न: उच्चार देवनागरीत लिहून द्यावा का?

फळ्यावर क्षणभर, वहीत नको. मूल मग तेवढंच वाचतं. शिवाय 'व्ही' नि 'डब्ल्यू' दोन्हींना 'व'च.

प्रश्न: एक एजंट फोनिक्सचा (अक्षरांच्या आवाजांवरून वाचन शिकवण्याचा) संच नि तीस दिवसांचा कोर्स गळ्यात मारतोय.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर अक्षरांची कार्डं कापा, भागतं. तरी मोह होत असेल, तर पैसे देण्याआधी केंद्रप्रमुखांना किंवा डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) विचारा. विकणाऱ्याला विचारून काय कळणार?

प्रश्न: पाचवीतला मुलगा लहान लिपीतले 'बी' आणि 'डी' उलटसुलट लिहितो. सहकारी म्हणतात, आपोआप सुटेल.

पहिली-दुसरीत हे नेहमीचंच. पाचवीत ऐकीव भरवशावर राहू नका. मराठीही अडखळत वाचतो का बघा, वहीतले नमुने तारीख टाकून ठेवा, पालकांना सांगून डोळे-कान तपासून घ्या. मग गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवा. 'डिस्लेक्सिया' हा शब्द आपण उच्चारायचा नाही, त्याचं निदान तज्ज्ञ करतील. आणि वार्षिक परीक्षा होऊ द्या म्हणत बसू नका, याच आठवड्यात गट साधन केंद्रात फोन करा.