हूड लावण्याआधी दादाशी बोलून घे

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

दादाबरोबर इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगचा, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर विमान उडवण्याचा, सराव करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवात होल्डिंगपासून (हवेत ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणं) करू की अप्रोचपासून (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं), असं विचारलंस. त्याच्याही आधी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, दोघं नीट बोलून घ्या.

भावंडांना एकमेकांचं न सांगता कळतं. कॉकपिटमध्ये मात्र त्यावर अजिबात विसंबू नका. समोर दुसरं विमान दिसलं आणि दादाने न बोलता योक (विमान वळवायचा दांडा) वळवला, तर हूडखाली, म्हणजे बाहेरचं दिसू न देणाऱ्या झापडीखाली, बसलेल्या तुला तो वाऱ्याचा धक्का वाटेल आणि तू उलट जोर लावशील. म्हणून ‘कंट्रोल माझ्याकडे’ हे मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘कंट्रोल तुझ्याकडे’ म्हणून ते पक्कं करायचं, दर वेळी. उंची 100 फुटांनी किंवा दिशा 10 अंशांनी चुकली तर त्याने फक्त तेवढं सांगावं. हात लावायचा तो धोका असेल तरच. मोठ्या भावाला हे जड जाईल. तुलाही त्याच्यासमोर चुकायला जड जाईल.

24 सप्टेंबर 1929 रोजी अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ उपकरणांच्या आधारे, विमान उडवून परत उतरवलं. पुढच्या कॉकपिटमध्ये सेफ्टी पायलट, म्हणजे तुझ्यासाठी दादा असेल तसे बाहेर लक्ष ठेवणारे सोबतचे वैमानिक, बेन केल्सी होते. आपण कंट्रोलला हात लावत नाही हे खाली उभ्या लोकांना दिसावं म्हणून त्यांनी हात बाहेर धरले होते! दादाला हे जरूर सांग. त्याचं खरं काम बाहेर बघण्याचं. तोही तुझ्या चुका टिपत पॅनेलकडे बघत बसला, तर बाहेर कुणाचंच लक्ष नाही. त्या प्रकारच्या विमानाचं त्याचं लायसन्स आणि मेडिकल चालू आहे ना, तेही तपासून घे.

हवेत गेल्यावर लगेच अप्रोचच्या मागे लागू नकोस. आधी सरळ आणि समतल उड्डाण, मग सेकंदाला 3 अंशांची वळणं. 2 मिनिटांत पूर्ण फेरी झाली पाहिजे. नजर आर्टिफिशियल होरायझनवरून (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) दुसऱ्या उपकरणाकडे आणि पुन्हा होरायझनवर, एकाच काट्यावर खिळू द्यायची नाही. एकसारखं वळण चालू राहिलं की कानातला द्रव स्थिरावतो आणि वळण जाणवेनासं होतं. मग विमान सरळ केलंस की उलट्या बाजूला वळतोय असं वाटतं. त्या क्षणी शरीराचं ऐकू नकोस, उपकरणांवर विश्वास ठेव. विचित्र स्थितीतून विमान सावरण्याचा सराव मात्र आधी इन्स्ट्रक्टरबरोबरच.

आयएलएसला, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरायला, आलीस की ग्राउंडस्पीडला (जमिनीच्या तुलनेतला वेग) 5 ने गुणायचं, म्हणजे मिनिटाला किती फूट उतरायचं ते कळतं. 3 अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (उतरण्याच्या तिरक्या वाटेवर) 90 नॉटला मिनिटाला साधारण 450 फूट उतरणं येतं. समोरून वारा असेल तर त्याहून कमी.

हूडच्या कडेतून थोडा उजेड दिसतोच, ढगात तोही नसतो. तेव्हा नुसत्या या सरावाच्या भरवशावर ढगात शिरू नकोस. उतरल्यावर काय चुकलं ते आधी तू सांग, दादाने नंतर. पुढच्या खेपेला हूड त्याला दे आणि उजव्या सीटवर तू बस.

तुझी,
मावशी