वाद्यांची डागडुजी : काकांची हवाईयन गिटार

प्रश्न : काकांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार माळ्यावर सापडली. बॉडी लाकडी, नावाची पट्टी गेलेली. तारा पिळायच्या तीन चाव्या एका जातीच्या, तीन दुसऱ्या. बटणं रेडिओची, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सतारीची. आवाज येतो, पण झणझणतो आणि वरच्या स्वरांच्या रेघांवर उतरलेला लागतो. नटपासून (चाव्यांकडची तारा टेकायची पट्टी) बारावी रेघ ११¼ इंचांवर आहे, तिथून घोडी ११½ इंचांवर. बटण ज्यावर फिरतं त्या आतल्या भागावर, म्हणजे पोटवर (पोटेन्शिओमीटर), १३७६६३३ असा आकडा आहे. एका दुकानदारानं सगळं काढून नवा संच बसवायला सांगितलंय. काय करू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नवा संच बसवू नका. तुमच्या दोन्ही तक्रारी त्या एका घोडीच्या आहेत, बाकीच्या सुट्या भागांनी काही बिघडवलेलं नाही.

आमच्या मिरजेत सतारीची घोडी हाताखालून रोज जाते. तिचा माथा रुंद आणि किंचित उताराचा असतो, तार त्याला घासत सुटते, म्हणून जवारीचा झंकार मिळतो. सतारीचा तो जीव आहे. हवाईयन म्हणजेच स्टील गिटारला मात्र तार एकाच धारेवरून स्वच्छ सुटायला हवी. घोडीचं हाड चांगलं असेल तर तेच ठेवा. बारीक कानसीनं माथ्याला मागे, तारा बांधतात त्या बाजूला, उतार द्या, म्हणजे तार फक्त पुढच्या धारेवर टेकेल. खाचा उथळच हव्यात. मग ही गिटार ज्यानं वाजवतात तो स्टीलचा बार तारांवर आडवा ठेवून बघा : सहाही तारांना एकदम टेकला पाहिजे. एखादी तार खाली राहिली तर ती वाजणारच नाही.

आता जागा. बारावी रेघ तारेच्या बरोबर मध्यावर येते, म्हणजे घोडीची धार त्या रेघेपासून ११¼ इंचांवरच हवी. तुमची पाव इंच मागे गेली आहे, म्हणून सूर उतरतो. तारा ढिल्या करून ती पुढे सरकवा आणि बाराव्या रेघेवर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा. तो सूर आणि तिथं बार ठेवून येणारा सूर एक झाला की काम झालं. इथं तार पडद्यावर दाबायची नसते, त्यामुळे घोडी सरळच बसवायची, तिरकी नाही.

चाव्या वेगवेगळ्या असल्या तरी सूर धरून ठेवत असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या आणि सोडून द्या. नव्या चाव्यांसाठी लाकडाला नवीन भोकं मात्र कुणालाही पाडू देऊ नका, ती परत बुजत नाहीत. रेडिओची बटणं राहू द्या. तुमच्या काकांनी किंवा त्यांच्या कारागिरानं मिळेल त्यावर वाद्य वाजतं ठेवलं, ते पुसून टाकायचं कशाला?

आकड्याचं सांगतो. १३७ म्हणजे सीटीएस ही अमेरिकन कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ३३ म्हणजे तेहतिसावा आठवडा. पण ही पोटची तारीख झाली. तिथले सोल्डरचे डाग (वायरींचे जोड) जुने, मळकट असतील तर गिटार त्यानंतरचीच. डाग चकचकीत असतील तर पोट नंतर बदललेला, गिटार त्याआधीचीही असू शकते. तारांचा आवाज उचलणारा पिकअप वाजतोय, त्याला हात लावू नका. सोबत अमेरिकेतला ११७ व्होल्टचा जुना अॅम्प्लिफायर असेल तर तो थेट आपल्या २३० व्होल्टला लावू नका, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

तारा तेवढ्या नव्या घ्या. जुनं हवाईयन ट्यूनिंग जाड तारेकडून ई, ए, ई, ए, सी शार्प, ई असं आहे. साध्या गिटारच्या संचातली चौथी, तिसरी आणि दुसरी तार त्यासाठी एकेक पूर्ण स्वर चढवावी लागते. जुन्या चाव्यांवर हे एका दमात करू नका, थोडं थोडं चढवत न्या.