जुन्या जी.आय. जोचा मावळा: पुट्टी लावण्याआधी काय तासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. लहानपणचा फनस्कूलचा जी.आय. जो (हातपाय हलणारा प्लॅस्टिकचा सैनिक-बाहुला) सापडलाय आणि भाच्याच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी त्याचा मावळा करायचाय. एम-सीलची (दोन भाग मळले की कडक होणारी एपॉक्सी पुट्टी) पगडी केली, ती दोन दिवसांत अख्खी निघून हातात आली. डोकं भोपळ्यासारखं दिसतंय, मिशी अळीसारखी. शिवाय उजव्या हाताचा अंगठा मोडलेला, त्यामुळे तलवार हातात टिकत नाही.

फोटो पाहिले. तुमचा हात चांगला आहे, पगडीचे पेच तर छान पडलेत. पण तुम्ही मूळ टोपीवरच पगडी चढवलीत, आणि बाकीचं बरंचसं तिथूनच बिघडलं.

हा जी.आय. जो पावणेचार इंची, म्हणजे साधारण १:१८ मापाचा. याच्या अंगावरचा १ मिमी म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावरचे १८ मिमी. हे गणित काम करताना सतत डोक्यात ठेवा. तुमची मिशी मला दीड मिमी जाड वाटते. खऱ्या माणसाला ती पावणेतीन सेंटिमीटर जाडीची झाली. टोपी आणि पगडी मिळून कपाळावर ४ मिमी चढलेत, म्हणजे सात सेंटिमीटरांच्या वर. डोकं भोपळा दिसणारच. खऱ्या पगडीचा थर तीन-साडेतीन सेंटिमीटर धरा, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम २ मिमी आहेत. त्यातला एक जर कारखान्यातल्या टोपीनंच खाल्ला, तर पेच पाडायला जागा कुठून आणणार?

म्हणून आधी तासायचं. पाठीचा स्क्रू काढला की हा बाहुला पूर्ण सुटा होतो: छातीचे दोन भाग, हात, डोकं, कंबर. आतला रबरी रिंग बहुधा कडक होऊन चिरला असेल, तो आताच बदलून टाका. डोकं वेगळं घेऊन मानेच्या दांड्याला कपड्याच्या चिमट्यात पकडा. नव्या ब्लेडनं आणि बारीक कानशीनं टोपी कवटीच्या गोलाईपर्यंत उतरवा. डोकं भरीव आहे, घाबरू नका. कानाचा वरचा अर्धा भाग गेला तरी चालेल, पगडी त्याच्यावरूनच जाते. मिशीच्या जागी वरच्या ओठावरचं प्लॅस्टिकही पाव मिमी खरवडून घ्या. कस्टम केलेल्या बाहुल्यांची डोकी मोठी का दिसतात, असं मला अनेकदा विचारतात. दहातल्या नऊ वेळा हेच असतं: भर घातलेली असते, पण जागा केलेली नसते.

पगडी निघून आली त्याचं कारणही इथेच आहे. गुळगुळीत, तेलकट प्लॅस्टिकला पुट्टी धरत नाही. तासलेला भाग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरखरीत करा, भांडी घासायच्या लिक्विडनं आणि जुन्या टूथब्रशनं धुवा, पूर्ण वाळवा, आणि त्यानंतर बोट लावू नका. कवटीला सुईच्या टोकानं चार-पाच खड्डे पाडले तर पुट्टी त्यात शिरून पक्की बसते. स्वच्छ करायला नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नका. त्यातलं अ‍ॅसिटोन हे प्लॅस्टिक विरघळवतं. मी एकदा या नादात एक चेहरा कायमचा घालवलाय, नाकडोळे मेणासारखे पसरले होते.

आता पुट्टी. एम-सील गळती बुजवायला उत्तम, भर घालायलाही चालतं, पण त्याचा पोत भरड आहे. मिशीचा केस त्यात उठत नाही. स्टेशनरीच्या दुकानात शिल्पकार किंवा मोल्डइट नावाचं एपॉक्सी मिळतं, म्युरल करणारे वापरतात ते. पगडीच्या आतल्या भरीला ते घ्या. वाळल्यावर छान घासता येतं आणि स्वस्त आहे. मिशी, अंगठा, पेचांच्या कडा यांना ग्रीन स्टफ ही बारीक कामाची एपॉक्सी पुट्टी लागेल. निळी आणि पिवळी पट्टी शेजारी शेजारी चिकटलेली येते ना, ती जिथे भिडते तिथला दोनेक मिमीचा पट्टा कापून टाकून द्या. तिथे दोन्ही भाग आधीच एकमेकांत कडक झालेले असतात, आणि त्याचे कण नेमके मिशीच्या मधोमध उगवतात. बाकीचं सारखं घेऊन पूर्ण हिरवं होईपर्यंत मळा. ग्रीन स्टफ वाळल्यावरही किंचित लवचिक राहतं, म्हणून अंगठ्याला योग्य. पण त्याच गुणामुळे पॉलिश पेपरनं नीट घासलं जात नाही. जे गुळगुळीत हवं ते ओलं असतानाच गुळगुळीत करायचं. मिलिपुट (हीसुद्धा एपॉक्सी पुट्टीच) मिळालं तर सुपरफाइन व्हाइट घ्या, ते पाण्याच्या बोटानं सुंदर सपाट होतं. ग्रीन स्टफमध्ये अर्धं मिलिपुट मळून दोघांचे गुण एकत्र आणणारेही बरेच आहेत, मीही त्यातलाच.

हातात नायट्राइलचे मोजे घाला. न वाळलेल्या एपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जात नाही. घासताना पाणी लावून घासा आणि मास्क बांधा.

मिशीवर जरा थांबतो, कारण फोटोत मला सगळ्यात जास्त तीच खटकली. मळलेल्या पुट्टीतून मोहरीएवढे दोन दाणे घ्या. मोहरीएवढेच, साबुदाण्याएवढेसुद्धा नाहीत. प्रत्येकाचा एका बाजूला निमुळता थेंब करा. जाड टोक नाकाखाली मधोमध, निमुळतं गालाकडे. ओल्या टूथपिकनं दाबून चिकटवा आणि मग उठून चहा करा. ताजी पुट्टी च्युइंगमसारखी असते. सुई लावली की ओढली जाते आणि रेघ परत भरून येते. अर्ध्यापाऊण तासानं ती मेणासारखी होते, तेव्हा सुई घ्या. टोकाला व्हॅसलिनचा पुसट हात. नाकाखालून बाहेर, मग खाली, मग टोकाला वर, अशा एका बाजूला चारच रेघा. पाचवी मारू नका. शेवटी सुई आडवी धरून टोक वरच्या बाजूला उचललं की पीळ येतो. उन्हाळ्यात हा वेळ खूप कमी होतो, थंडीत वाढतो, म्हणून मळलेल्या पुट्टीचा एक चुरा बाजूला ठेवून त्यालाच नखानं चाचपत राहा, चेहऱ्याला नाही.

आणि त्या दिवशी तेवढंच करा. मिशी ओली असताना पगडीला हात घातला की अंगठा मिशीवर पडतो, हे ठरलेलं. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी पगडीची भर, एक मिमीच्या आत. ती कडक झाली की तिसऱ्या दिवशी वरून पेच: पुट्टीची शेवईसारखी वळी करून, टाल्कम पावडर लावलेल्या काचेवर थोडी चपटी करायची आणि एकावर एक तिरकी गुंडाळायची. गोळ्यावर रेघा मारून पेच काढण्यापेक्षा हे खरं दिसतं, कारण कापडही तसंच गुंडाळलेलं असतं. डोकं अधूनमधून धडावर बसवून बघा. मागचा पेच खांद्याला लागला तर मान वळणार नाही.

अंगठा सगळ्याच जुन्या जोंचा मोडतो. प्लॅस्टिक ठिसूळ, आणि आपण लहानपणी जाड मुठीची हत्यारं त्यात कोंबलेली. नुसती पुट्टी तिथे टिकणार नाही, आत काडी हवी. गिटारची सगळ्यात पातळ तार पाव मिमीच्या आसपास असते, तिचा ४ मिमीचा तुकडा घ्या. जोच्या हातात ड्रिलनं बारीक भोक, फेविक्विकचा एक थेंब, तार बसली की अंगठ्यासारखी वाकवायची. मग तलवारीच्या मुठीला व्हॅसलिन लावून ती हातात धरवा आणि तिच्याभोवती ग्रीन स्टफचा अंगठा घडवा. मूठ तशीच राहू देऊन २४ तास सोडा, मग हळूच काढा. पकड तलवारीच्या मापाचीच येते.

शेला पुट्टीचा करणार असाल तर एक काळजी घ्या. या जोची कंबर आणि छाती वेगवेगळी हलतात. शेला फक्त छातीच्या खालच्या कडेला चिकटवा, कमरेच्या तुकड्याला व्हॅसलिन लावा, आणि पुट्टी अर्धवट कडक झाली की धड दोन-तीनदा हळू फिरवा. फट आपोआप पडते. अंगरख्याचा घोळ मी पुट्टीचा करत नाही. जुन्या मलमलीच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी चीर दिली की पाय मोकळे राहतात आणि गडावर बसवताही येतो.

रंग ब्रशनं, अ‍ॅक्रिलिकचा, पातळ करून दोन-तीन हात. स्प्रेच्या डब्याचा मोह टाळा. जाड थरात मिशीच्या चारही रेघा बुजतात.

किल्ल्यावर हळीव-मोहरी पेरून रोज पाणी शिंपडणार असाल, म्हणून वरून मॅट वॉर्निशचे दोन हात द्या. पाठीच्या स्क्रूच्या भोकात मेणाचा ठिपका दाबा, नाहीतर भाऊबीजेपर्यंत स्क्रू गंजतो. मावळ्याला थेट मातीत रोवू नका. तटावर एक चपटा दगड बसवा आणि त्यावर उभा करा. पगडी बसली की डोक्याचा बाजूनं काढलेला फोटो नक्की टाका.