रँकिंग नको, शिकवण्याची पद्धत बघ

अमेरिकेतल्या ग्रिनेल, कार्लटन आणि कोलोरॅडो कॉलेज या छोट्या कॉलेजांपैकी कुठे जायचं, हे रँकिंगवरून ठरवू नकोस. तिन्ही चांगलीच आहेत, पण शिकण्याची लय फार वेगळी. कोलोरॅडोत एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे. बुडून अभ्यास करणाऱ्याला ते फार मानवतं. ज्याला विषय मुरायला वेळ लागतो त्याची मात्र दमछाक होते. कार्लटनला दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म. ग्रिनेलला पहिल्या वर्षाचं ट्युटोरिअल (छोट्या गटातला कोर्स) सोडलं, तर मेजरबाहेर, म्हणजे मुख्य विषयाबाहेर, कुठल्या कोर्सची सक्ती जवळपास नाही.

तुझ्या विषयाचे वरचे कोर्स दरवर्षी होतात का, हे विभागाला ईमेल करून विचारच. छोट्या कॉलेजात एक प्राध्यापक रजेवर गेला की कोर्सच बंद राहू शकतो. आणि आर्थिक मदतीच्या पत्रात अनुदान किती नि कर्ज किती, हे आईबाबांसोबत बसून वेगळं काढ.