रिपोर्टातले शब्द आणि आईचे गुडघे

प्रश्न : आईच्या गुडघ्याच्या एक्स-रे रिपोर्टात 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' आणि 'ऑस्टिओफाइट' लिहिलंय, शेजारीण म्हणते हाडं ठिसूळ झाली, आई घाबरून बाजारात मासे विकायला बसायचीच बंद झालीये. खरं काय? – एक वाचक, मालवण

उत्तर : आधी आईंना सांगा, हाडांचा ठिसूळपणा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, तो वेगळा आजार. हे शब्द मूळचे ग्रीक, ऑस्टिओ म्हणजे हाड, आर्थ्रो म्हणजे सांधा आणि शेवटी आयटिस आलं की दाह. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजत जाते नि कडेला जादा हाड वाढतं तेच ऑस्टिओफाइट, यातलं फाइट म्हणजे रोप, कोंब फुटावा तसं वाढलेलं हाड, किती नेमका शब्द आहे बघा! पण घरी बसवून ठेवू नका हो, मांडीचे स्नायू कमजोर झाले की गुडघ्यावर भार वाढतोच. उकिडवं बसण्याऐवजी उंच स्टूल द्या आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिकून घ्या.