खारं वारं आणि ‘स्मार्ट’ पारेषण

प्रश्न : जयगडजवळच्या ४०० केव्ही (४ लाख व्होल्ट) वीजवाहिनीच्या मनोऱ्यांवर पहाटे धुक्यात चरचर ऐकू येते. पारेषण (वीज वाहून नेणारी यंत्रणा) ‘स्मार्ट’ झालं की थांबेल का?

उत्तर : नाही. थोडी चरचर ‘कोरोना’ची, म्हणजे तारांभोवतीच्या हवेत होणाऱ्या बारीक वीजगळतीची, ती चालायचीच. त्रासदायक ती मिठाची. खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर (तार मनोऱ्यापासून वेगळी ठेवणाऱ्या वीजरोधकावर) मिठाचा थर बसतो, दवाने ओला झाला की त्यातून वीज झिरपते, ठिणग्या उडतात, कधी लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. मुसळधार पाऊस थर धुऊन नेतो. धोका कोरड्या महिन्यांतल्या दवाचा. उपाय साधेच : धुणं, किंवा पाणी न धरणारे सिलिकॉन रबरचे इन्सुलेटर.

स्मार्टपणा उपकेंद्रात. तिथलं फेजर मापन यंत्र उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून सेकंदाला २५ वेळा व्होल्टेज आणि त्याचा कोन पाठवतं. स्काडा ही नेहमीची दूरनियंत्रण यंत्रणा माहिती घेते काही सेकंदांनी एकदा. लाइन का ट्रिप झाली हे फेजर यंत्राने लवकर उमगतं, मीठ मात्र निघत नाही. ठिणग्या दिसल्यास मनोऱ्यावरचा क्रमांक उपकेंद्राला कळवा.