बील्ड : निवारा, आधार की धीर?

प्रश्न असा आहे : 'बील्ड' या स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडमधल्या भाषेतल्या, जुन्या शब्दाचा अर्थ कुठे 'आधार' दिलेला असतो, कुठे 'निवारा'. खरा कोणता धरायचा आणि मराठीत काय म्हणायचं?

दोन्ही खरे आहेत. मात्र त्यांच्याही आधीचा अर्थ आहे 'धीर'. इंग्रजीतला 'बोल्ड' हा बील्डचा सख्खा भाऊ. आधी मनाची उभारी, मग ती देणारी मदत, आणि शेवटी वारापाऊस अडवणारी जागा, असा हा शब्द सरकत गेला. मेंढ्यांसाठी माळावर रचलेल्या दगडी भिंतीलाही बील्ड म्हणतात. मला हा प्रवास फार आवडतो, कारण आपणही अडचणीतल्या माणसाला 'धीर देतो' तेव्हा नुसतं शौर्य देत नाही, त्याच्या पाठीशी उभे राहतो.

स्कॉट्समध्ये लिहिणारा कवी रॉबर्ट बर्न्स स्वतः शेतकरी. 1786 साली नांगराखाली आलेल्या डेझीच्या फुलावर त्याने कविता लिहिली. बागेतल्या फुलांना उंच झाडांचं, भिंतींचं संरक्षण. हिला मात्र ढेकळाचा नाहीतर दगडाचा, जो मिळेल तो बील्ड. इथे 'निवारा' म्हटलं की डोळ्यांपुढे छप्पर येतं. ढेकूळ देतं तो आडोसाच.

पुढे त्याने स्वतःसाठी मुद्रा, म्हणजे शिक्का, योजली, तिच्यावर एक स्कॉट्स म्हण घातली : 'बेटर अ वी बुश दॅन ने बील्ड'. बील्डच नसण्यापेक्षा इवलंसं झुडूप बरं. अनुवाद करताना 'नाही मामापेक्षा काणा मामा बरा' चटकन सुचेल, अर्थही जुळतो. तरी मी ती वापरणार नाही. आपल्या म्हणीत काण्या मामाला जरा नाक मुरडलेलं आहे. स्कॉट्स म्हणीत झुडपाबद्दल कृतज्ञता आहे. 'बुडत्याला काडीचा आधार' तर आणखी दूरची, कारण काडी काही कुणाला तारत नाही. झुडूप खरोखरच वारा अडवतं.

म्हणून माझं मत : झुडूप, दगड, भिंत असेल तिथे 'आडोसा'. माणूस माणसाचा बील्ड होतो तिथे 'आधार'. आणि अगदी जुन्या मजकुरात हा शब्द मनाच्या बळासाठी आला असेल तर बेलाशक 'धीर'. आणखी एक स्कॉट्स म्हण आहे : ज्या झुडपाचा आडोसा मिळतो, त्याला जो तो वाकून असतो. तिथे 'आधार' घालून वाचून पाहा, झुडूपच नाहीसं होतं.